थंडी न सोसणाऱ्यांनी महाराष्ट्रातला हिवाळा कसा काढावा

नाशिक, निफाड, जळगाव, परभणी, नागपूर, गोंदिया अशा गावी राहणाऱ्या आणि थंडी मनापासून नकोशी वाटणाऱ्या माणसाला डिसेंबर उजाडला की एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "ही कसली थंडी, खरी थंडी तर काश्मीरला." हे वाक्य अन्यायाचे आहे. काश्मीरमध्ये घरात बुखारी म्हणजे खोली तापवणारी शेगडी असते, फेरनच्या म्हणजे लांब, सैल अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी असते, आणि हिवाळा धरूनच तिथले घर व दिनक्रम आखलेला असतो. आपल्याकडची घरे उन्हाळ्यासाठी बांधली जातात. उंच छत, गार फरशी, वारा खेळता राहील अशा समोरासमोरच्या खिडक्या, न्हाणीघराला कायम उघड्या काचपट्ट्या, ही सगळी मे महिन्याची सोय जानेवारीच्या पहाटे अंगावर येते. घर तापवण्याची व्यवस्था तर आपल्याकडे जवळजवळ कुठेच नसते. त्यामुळे बाहेरचा पारा ८ अंशांवर गेलेला असताना येथील माणूस घरातही गारठलेलाच असतो, आणि थंडीपासून सुटण्यासाठी जायला त्याच्यापाशी दुसरी उबदार जागा नसते.

म्हणून हा लेख थंडीचा आनंद कसा घ्यावा हे सांगत नाही. ज्याला थंडी आवडत नाही त्याने ती आवडून घ्यावी, असे मला वाटत नाही. तिचा त्रास कमी करता येतो, आणि त्याचे उपाय बहुतेक घरांत आधीपासून उपलब्ध असतात. मात्र ते योग्य क्रमाने आणि योग्य वेळी करावे लागतात.

आपली थंडी नेमकी कशी असते

उपाय करण्यापूर्वी या थंडीचा स्वभाव समजून घेतलेला बरा. पावसाळा संपल्यावर हवेतली आर्द्रता कमी होते आणि आकाश निरभ्र राहते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देते, आणि ती अडवायला ढग नसतात. त्यामुळे दुपारी २८ ते ३० अंश असलेले तापमान पहाटे १० अंशांपर्यंत उतरू शकते. उत्तर भारतातून पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी हवा, पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेचे कोरडे, गार वारे मध्य भारतातून खाली येतात आणि उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ यांना गाठतात. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक कमी असले, की हवामान विभाग त्याला थंडीची लाट म्हणतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश आणि नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. मुंबईतही २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे रात्रीचे सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते. ते सूर्योदयाच्या आसपास असते, आणि जानेवारीच्या मध्याला नाशिककडे सूर्योदयच सुमारे सव्वासातला होतो. म्हणजे पाच ते आठ ही वेळ सर्वांत कठीण. दुसरी गोष्ट म्हणजे ढगाळ रात्र उबदार जाते आणि ढग हटल्यानंतरच्या एक-दोन पहाटा कडक येतात. आकाश मोकळे झालेले दिसले की त्याच संध्याकाळी जादा पांघरूण काढून ठेवावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सहसा दुर्लक्षित राहणारी. विटांच्या जाड भिंती दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात, पहाटेपर्यंत त्या रित्या होतात, आणि मग दुपारपर्यंत गारच राहतात. म्हणूनच सकाळी दहाला अंगणात ऊब असते आणि घरात हुडहुडी भरते. थंडी बाहेर आहे असे समजून आपण दारे लावून आत बसून राहतो, ही त्या वेळी चुकीची दिशा असते.

पहिली पायरी : दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात करायची कामे

कडाका पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा तुळशीच्या लग्नापर्यंत पुढची कामे उरकावीत. ट्रंकेतले, पलंगाच्या पेटीतले लोकरीचे कपडे, रग, गोधड्या व दुलया बाहेर काढून लागोपाठ दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवाव्यात. यामागे वास घालवण्यापेक्षा मोठे कारण आहे. पांघरुणात ऊब नसते. ऊब शरीराची असते आणि पांघरूण फक्त तिला धरून ठेवते, तेही आपल्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. पावसाळ्यात ओलावा ओढून घेतलेला, दबून बसलेला कापूस ही हवा धरू शकत नाही. उन्हात कापूस सुटा होतो, फुगतो. गादी वा दुलई फारच दडपली असेल तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा. नवे ब्लँकेट विकत घेण्याआधी हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच पंधरवड्यात गिझरची व त्याच्या अर्थिंगची तपासणी, खिडक्यांच्या फटी बुजवणे आणि घरातल्या प्रत्येकासाठी पायमोज्यांचे किमान तीन जोड, ही कामेही करून घ्यावीत. मोज्यांचा आग्रह का धरायचा ते पुढे येईलच.

दुसरी पायरी : फरशी आणि पाय

घरातल्या थंडीपैकी बरीचशी पायांतून चढते. शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड यांपैकी कोणतीही फरशी खोलीतल्या लाकडी टेबलाइतक्याच तापमानाला असते, पण ती तळपायाची उष्णता फार वेगाने ओढून घेते. तळपाय गार पडले की शरीर हातापायांकडचा रक्तप्रवाह आवळते, कारण त्याला आतल्या अवयवांची ऊब राखायची असते. मग वर दोन स्वेटर चढवूनही बोटे गारच राहतात.

यासाठी घरात चालण्याच्या वाटा ठरवून त्यांवर काहीतरी अंथरावे. पलंगावरून पाय खाली टेकतो ती जागा, स्वयंपाकाच्या ओट्यासमोरची उभे राहण्याची जागा, अभ्यासाच्या किंवा कामाच्या टेबलाखालची जागा आणि देवघरासमोरची बैठक, एवढ्या चार जागा पुरेशा असतात. तिथे सतरंजी, जुन्या गोधडीचा तुकडा किंवा जाड पायपुसणे टाकावे. पायात मोजे आणि घरात वापरायच्या वेगळ्या चपला असाव्यात. ओट्याशी तास-तास उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय दिवसभर गार असतात आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही. ही जागा सर्वांत आधी झाकावी. मोजे मात्र घट्ट नसावेत. दोन घट्ट मोजे एकावर एक चढवले तर रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिकच गार पडतात. टेबलाशी बसून काम करणाऱ्याने पाय अधांतरी किंवा फरशीवर न ठेवता पाटावर ठेवावेत आणि पाऊण-एक तासाने उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात. बसून राहिलेले शरीर फार कमी उष्णता निर्माण करते.

तिसरी पायरी : खिडक्या-दारांचे वेळापत्रक

सकाळी उठल्याबरोबर घरभर खिडक्या उघडण्याची आपली सवय चांगली असली, तरी डिसेंबर-जानेवारीत ती तीन-चार तास पुढे ढकलावी. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा उबदार झाली की खिडक्या उघडायच्या, आणि ही वेळ साधारण दहा-साडेदहाची असते. मग दुपारभर घर मोकळे ठेवून ती ऊब आत घ्यायची, आणि पाच वाजता, सूर्य मावळण्याच्या तासभर आधी, सगळे बंद करायचे. बहुतेक घरांत खिडक्या अंधार पडल्यावर, थंडी वाजू लागल्यावर बंद होतात, आणि तोपर्यंत दिवसभराची कमाई निघून गेलेली असते. स्वयंपाकघरातली एक झडप व एक्झॉस्ट पंखा मात्र वापरात असावा. गॅस पेटत असताना हवा खेळती हवीच.

दक्षिणेकडच्या खिडक्यांची या दिवसांत विशेष काळजी घ्यावी. डिसेंबरअखेरीस नाशिकच्या अक्षांशावर सूर्य ऐन मध्यान्हीलाही क्षितिजापासून सुमारे ४६-४७ अंशांवरच असतो आणि तो दक्षिणेकडे कललेला असतो. छज्जा फार पुढे आलेला नसेल, तर सात फूट उंचीच्या चौकटीतून ऊन जवळपास साडेसहा फूट आत येते. ही फुकटची ऊब आहे. त्या खिडकीचे पडदे सकाळी नऊ ते दुपारी चार पूर्णपणे बाजूला सारलेले असावेत, तिथे ठेवलेले कपाट किंवा वाळत घातलेले कपडे हलवावेत, आणि घरातल्या वृद्ध माणसाची खुर्ची वा दिवाण दोन महिन्यांसाठी तिथे आणावा. उत्तरेकडच्या खिडकीला या काळात ऊन मिळत नाही. तिला जाड पडदा लावून ती बंद ठेवलेली बरी. दाराखालच्या फटीतून येणारा वारा जुन्या साडीची घट्ट गुंडाळी ठेवून अडवता येतो.

पंख्याचा प्रश्न वेगळा आहे. डास नकोत म्हणून ऐन थंडीतही पंखा लावून झोपणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यावरून एकाच खोलीत झोपणाऱ्यांत कटकटही होते. मच्छरदाणी हा त्यावर खरा तोडगा आहे. डास अडतात, शिवाय आतली हवाही थोडी स्थिर राहते.

चौथी पायरी : अंथरूण

रात्री थंडी वाजली की आपण वरचे पांघरूण वाढवतो. ज्याला पहाटे तीनला जाग येऊन पाठीत थंडी भरते, त्याने आधी खालचे अंथरूण वाढवावे. शरीराच्या वजनाने खालची गादी दबते, तिच्यातली हवा कमी होते, आणि जमिनीवर झोपणाऱ्याची ऊब थेट फरशीत जाते. जमिनीवर अंथरूण असेल तर सर्वांत खाली चटई, तिच्यावर सतरंजी किंवा घोंगडी, मग गादी आणि तिच्यावर गोधडी अशी रचना ठेवावी. पलंगावर झोपणाऱ्यानेही चादरीखाली एक गोधडी पसरावी. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटलेला असल्यास तो वीतभर तरी आत ओढावा.

वरच्या पांघरुणाचाही क्रम असतो. अंगालगत मऊ सुती चादर, तिच्यावर गोधडी किंवा दुलई, आणि सर्वांत वर घट्ट विणीचे काहीतरी, म्हणजे आतली हवा वाऱ्याने हलत नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी या सर्वांत वरच्या थराला उत्तम. ती अंगाला टोचते म्हणून अनेकांनी टाकून दिली आहे, पण चादरीवरून घेतली तर टोचण्याचा प्रश्नच उरत नाही. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरते, कापूस ओला झाला की ऊब सोडतो. मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी पिढ्यान्पिढ्या टिकून राहिली ती याच गुणामुळे. जुन्या लुगड्यांच्या थरांची, हाताने दाट टाके घातलेली गोधडी हीदेखील हवा धरणाऱ्या थरांचीच रचना आहे. घरात अशी गोधडी असेल तर ती शोभेसाठी न ठेवता वापरावी.

झोपण्यापूर्वी अर्धा तास आधी गरम पाण्याची रबरी पिशवी अंथरुणात पायाच्या बाजूला ठेवावी आणि झोपताना ती काढून घ्यावी. उकळते पाणी भरू नये, पिशवीला टॉवेल गुंडाळावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी आणि तान्ह्या बाळांसाठी ही पिशवी वापरूच नये, कारण भाजल्याचे वेळेवर कळत नाही. पाय गार असताना झोप लागत नाही, हा पुष्कळांचा अनुभव असतो. अशा वेळी दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवून, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडे करून, थोडे तेल चोळून मोजे घालावेत. तोंडावरून पांघरूण घेऊन झोपण्याची सवय सोडावी. श्वासातला ओलावा पांघरुणात साठतो आणि पहाटे तेच गार लागते. कान व डोके झाकायला सुती कानटोपी पुरते.

पाचवी पायरी : पहाट आणि अंघोळ

थंडी न सोसणाऱ्याची खरी परीक्षा अंथरूण सोडण्याच्या क्षणी असते. त्यासाठी स्वेटर, मोजे व कानटोपी रात्रीच उशाशी ठेवावी, शक्य तर पांघरुणाच्या आत, म्हणजे सकाळी ती गार लागत नाहीत. जाग आल्यावर पडल्या पडल्या घोटे, गुडघे, मनगटे व खांदे फिरवावेत, मुठी आवळून सोडाव्यात, आणि अंगात हालचाल आल्यावर उठावे. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी तर एकदम उठून गार हवेत जाणे टाळलेच पाहिजे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि पहाटेच्या वेळी हृदयावरचा ताण अधिक असतो. अशा माणसांनी पाचचे फिरणे या दोन महिन्यांपुरते आठनंतर न्यावे. नेम मोडतो म्हणून वाईट वाटते हे मी समजू शकतो, पण फिरण्याचा लाभ आठ वाजताही तेवढाच मिळतो.

अंघोळ उजाडण्याआधीच हवी, असा घरात आग्रह नसेल तर ती नऊ-दहाला किंवा संध्याकाळी सहाच्या आत करावी. सकाळी लवकर बाहेर पडावे लागत असल्यास न्हाणीघरात जाण्याआधी टॉवेल, आतले कपडे आणि मोजे हाताशी लटकवावेत, काचपट्ट्यांवर दोन महिन्यांपुरता प्लास्टिकचा कागद लावावा, आणि आधी एक-दोन तांबे गरम पाणी जमिनीवर ओतून फरशी तापवून घ्यावी. पाणी पायांपासून सुरुवात करून वर घ्यावे. अंग न्हाणीघरातच पूर्ण कोरडे करून, कपडे घालून मगच बाहेर यावे, कारण ओल्या अंगावर वारा लागला की पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. केस धुण्याचे काम दुपारी उन्हाच्या वेळेस ठेवावे.

विजेच्या साठवणीच्या गिझरबद्दल एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला २००० वॅटच्या गिझरला सुमारे १७ मिनिटे लागतात आणि साधारण अर्धा युनिट वीज जाते. तो रात्रभर चालू ठेवण्याची गरज नाही. ५० अंशांचे पाणी थेट अंगावर घेऊ नये, गार पाणी मिसळून ते कोमटापेक्षा थोडे अधिक, एवढेच ठेवावे. फार गरम पाण्याने त्वचेवरचा तेलकट थर धुऊन जातो आणि पुढे दिवसभर अंग खाजते. बादलीत सोडायच्या कांडीचा हीटर वापरत असाल तर बटण बंद करून, प्लग काढूनच पाण्याला हात लावावा, आणि धातूची बादली वापरू नये.

प्लास्टिकच्या कागदाची सूचना फक्त विजेच्या गिझरसाठी आहे. ज्या न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवलेला आहे तिथे एकही झडप बंद करता कामा नये. हे इतके गंभीर आहे की त्यासाठी पुढचा भाग वेगळा लिहिला आहे.

शेगडी, शेकोटी, गॅस गिझर आणि हीटर

कोळसा, लाकूड किंवा गॅस बंद जागेत जळू लागला की प्राणवायू अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोके दुखू लागते, मळमळते, चक्कर येते, ग्लानी येते, आणि झोपेत असलेल्या माणसाला यातले काहीही कळत नाही. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे आणि दार लावून गॅस गिझर सुरू केलेल्या न्हाणीघरात बेशुद्ध पडलेली मुले-मुली यांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. म्हणून शेगडी किंवा पेटते निखारे झोपण्याच्या खोलीत कधीही नेऊ नयेत, "धूर गेला आहे" या समजुतीवर तर अजिबात नाही, कारण धूर नसलेले निखारेही हा वायू सोडतात. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याची नळी आत घ्यावी. तसे करणे शक्य नसेल तर आधी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, आणि मग दार लावून अंघोळ करावी. कोणी आतून उत्तर देत नसेल तर दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेकोटी अंगणातच पेटवावी. नायलॉनची साडी, सिंथेटिक शाल किंवा लोंबणारी ओढणी घेऊन तिच्याजवळ बसू नये. शेकोटीत टायर, प्लास्टिक टाकण्याची वाईट प्रथा दिसते. त्याचा धूर दम्याच्या रुग्णाला दवाखान्यात नेऊ शकतो.

विजेच्या हीटरबाबत माझा सल्ला असा की खोली तापवण्याच्या मागे न लागता माणूस तापवावा. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो आणि फटी असलेल्या मोठ्या खोलीत त्याचा परिणाम तो बंद करताच ओसरतो. त्यापेक्षा अंथरुणावरचे विजेचे ब्लँकेट त्याच्या छोट्याशा अंशाएवढी वीज घेते. हीटर लावायचाच असेल तर लहान खोली निवडावी, तो १६ अँपिअरच्या स्वतंत्र प्लगवर लावावा, एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नये, पडदे व अंथरुणापासून किमान तीन फूट लांब ठेवावा, आणि झोपण्यापूर्वी न चुकता बंद करावा.

सहावी पायरी : कपडे आणि पहाटेचा प्रवास

एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात, आणि आपल्या हवामानात त्यांची गरजही अधिक असते, कारण सकाळी १० अंश आणि दुपारी २८ अंश यांच्या मधल्या वेळेत एकेक थर उतरवता आला पाहिजे. आतला थर अंगाबरोबर बसणारा व विजारीत खोचलेला असावा, मधला लोकरीचा, आणि बाहेर पडताना वरचा वारा अडवणारा. गळा, मनगटे आणि घोटे या तीन उघड्या जागा बंद केल्या की निम्मे काम होते. साडी नेसणाऱ्यांसाठी परकराखाली लोकरीची किंवा थर्मलची लेगिंग, पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज आणि अंगठा वेगळा असलेले मोजे हा पोशाख सोयीचा ठरतो. अशा मोज्यांवर नेहमीच्या चपलाही घालता येतात.

दुचाकीवर मात्र हा हिशोब बदलतो. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ते जवळपास ६ अंशांइतके भासते. इथे लोकरीपेक्षा वारा अडवणारे कापड महत्त्वाचे. साधा विंडचीटर स्वेटरवरून घालावा, हातमोजे वारा न शिरणारे असावेत, गुडघ्यांवर वारा थेट आदळतो म्हणून पॅंटच्या आत एक थर असावा. दूध व वर्तमानपत्र पोहोचवणारे, पहाटेच्या शाळेला मुलांना सोडणारे पालक आणि रात्रीच्या विजेच्या पाळीत गव्हा-कांद्याला पाणी द्यायला शेतात जाणारे शेतकरी यांना थंडी टाळता येत नाही. शेतात पाणी भरणाऱ्याने गमबूट घालावेत आणि कोरड्या मोज्यांचा जादा जोड पिशवीत बांधून न्यावा, कारण पाय ओले राहिले तर अंगावरचे बाकी सगळे कपडे अपुरे पडतात. दारू पिऊन ऊब येते हा समज धोक्याचा आहे. त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढल्याने ऊब भासते आणि शरीराची आतली उष्णता मात्र भराभर निघून जाते.

खाणे आणि त्वचा

खाण्याबाबत आपल्या परंपरेने बहुतेक विचार करून ठेवला आहे, म्हणून इथे थोडक्यात. तव्यावरून थेट ताटात येणारी बाजरीची भाकरी, लोणी, लसणाची चटणी, कुळथाचे पिठले, भोगीची तीळ लावलेली भाकरी व लेकुरवाळी भाजी, तिळगूळ, डिंकाचे आणि मेथीचे लाडू हे सगळे याच दिवसांचे. यात पिष्ट व स्निग्ध पदार्थ भरपूर असतात, आणि ते पचवताना शरीर उष्णता निर्माण करते. पण लाडू दिवसाला एखादाच खावा, हिंडणे-फिरणे कमी असेल तर अर्धा. सकाळी उपाशीपोटी बाहेर पडू नये. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी जाते, त्यासाठी कोमट पाण्याचा थर्मास समोर ठेवावा. आले व गवती चहाचा काढा किंवा सूप यांनीही हे काम होते. चहा सात-आठ वेळा घेणे योग्य नाही, त्याने रात्रीची झोप उडते.

त्वचेसाठी एकच नियम पाळावा : अंघोळीनंतर न्हाणीघरातच, अंग पुसून घेतल्यावर त्वचा किंचित दमट असतानाच तेल किंवा व्हॅसलिन लावावे. टाचांच्या भेगांवर कोकणात कोकमाचे तेल वितळवून लावतात, तो उपाय चांगला आहे. भेगेतून रक्त येत असेल आणि मधुमेह असेल तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

थंडी जास्तच वाजत असेल तेव्हा

एकाच घरात एकाला थंडी वाजते आणि दुसऱ्याला वाजत नाही, यात लाडावलेपणा नसतो. स्नायू कमी असलेल्या, वजनाने हलक्या, वयस्कर माणसांना आणि सर्वसाधारणपणे स्त्रियांना हातापायांची थंडी अधिक जाणवते. पंखा बंद करावा अशी विनंती आली तर तिची थट्टा होऊ नये.

मात्र सगळ्यांना बरे वाटत असताना, अगदी दुपारीही, एखाद्याला सतत गारठा वाटत असेल आणि त्याबरोबर थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठता किंवा वजन वाढणे ही लक्षणे असतील तर थायरॉइडची टीएसएच चाचणी करावी. दम लागणे, चेहरा फिका पडणे ही लक्षणे असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. थंडीत बोटे पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे. या तिन्ही बाबतींत स्वेटर वाढवत राहणे हा उपाय नव्हे. दम्याच्या रुग्णाने पहाटे बाहेर पडताना नाक-तोंड मफलरने झाकावे आणि पंप खिशात ठेवावा. वृद्ध माणूस थंडीत कापायचा थांबून सुस्त झाला, बोलणे अडखळू लागले, तर ते धोक्याचे चिन्ह आहे. त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळून लगेच दवाखान्यात न्यावे.

संक्रांतीनंतर

तीळगूळ वाटून झाला म्हणून थंडी संपली असे मानू नये. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातही लाट येते, आणि तोपर्यंत उबदार कपडे आत गेलेले असतील तर ती अधिक बोचते. जसजसे दिवस मोठे होतील तशी खिडक्या उघडण्याची वेळ अर्ध्या अर्ध्या तासाने अलीकडे आणावी. होळीच्या सुमारास गोधड्या व सुती पांघरुणे धुऊन, घोंगडी व लोकरीचे कपडे गार पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत सपाट पसरून वाळवावेत. पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करून, कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती कापडात बांधून मध्ये ठेवावा आणि मगच पेटी बंद करावी. एक पातळ स्वेटर आणि मोज्यांचा एक जोड मात्र गुढीपाडव्यापर्यंत बाहेरच असू द्यावा.